गुंड्याने चाटलं तर? मिरजेच्या घरातल्या घरगुती कीटकनाशकांच्या नोंदी

१८ मे २०२५

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण डोक्यात ठेवलेलं विसरतं आणि मग परत तीच चूक होते.

सुरुवात मार्चमध्ये झाली. आमच्या बोक्याच्या, गुंड्याच्या, मानेला दोन गोचीड दिसले म्हणून ओळखीच्या एकांनी दिलेले कुत्र्यांसाठीचे थेंब आम्ही त्याच्या मानेवर टाकले. चारेक तासांत त्याचे कान फडफडायला लागले, मग अंग थरथरायला लागलं, मागचे पाय नीट पडेनात. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि पहिलाच शब्द काढला, पर्मेथ्रिन. कुत्र्याला ते झेपतं, मांजराच्या लिव्हरला ते फोडता येत नाही. भांड्यांच्या लिक्विडने आंघोळ, सलाईन, इंजेक्शनं, दोन रात्री दवाखान्यात. वाचला. पण त्या दोन रात्री मी कधी विसरणार नाही.

आणि मागच्या आठवड्यात चिऊने (सव्वादोन वर्षांची) कपाटाच्या खालच्या फळीतून झुरळांचा खडू काढला, फरशीवर छान रेघा मारल्या आणि पांढरी बोटं तोंडात. काही झालं नाही, पण डबीवर बारीक अक्षरात डेल्टामेथ्रिन, म्हणजे त्या पर्मेथ्रिनच्याच जातीचं विष, लिहिलेलं वाचल्यावर मला रात्रभर झोप नाही.

तेव्हा आता घरात किड्यांसाठी जे काही करायचं त्याला आधी एकच प्रश्न विचारायचा. हे गुंड्याने चाटलं, किंवा चिऊच्या बोटाला लागून पोटात गेलं, तर काय होईल? मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं आणि लहान पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं. नैसर्गिक का केमिकल हे त्याच्यानंतर बघू.

सध्याचा त्रास: स्वयंपाकघरात लहान तपकिरी झुरळं, ओट्यावर लाल मुंग्या, संध्याकाळचे डास, परसातल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, मिरचीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि वांग्यावर अळ्या, तांदळात सोंडे. रात्री अकराला लाईट न लावता एकदम टॉर्च मारून सिंकखाली झुरळं मोजली, २३.

२० मे

आज औषधं करायच्या आधी घरातलीच विषं गोळा केली. एक स्प्रेचा डबा, तीन खडू, कॉईलची दोन पाकिटं, उंदराची वडी (ही कधी आणली होती तेच कुणाला आठवेना), आणि आईंच्या ट्रंकेतल्या डांबर गोळ्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या अगं चाळीस वर्षं साड्यांत घालतेय. पण डांबर गोळी म्हणजे नॅप्थॅलीन, दिसायला पेपरमिंटसारखी, आणि काही मुलांच्या रक्तात एक एन्झाईम जन्मतःच कमी असतं त्यांच्यात नुसत्या अशा कपड्यांतल्या वासानेसुद्धा तांबड्या पेशी फुटू शकतात. चिऊला तसं आहे का नाही आम्ही कधी तपासलेलं नाही. आईंना हे सांगितलं तर त्यांनी स्वतः गोळ्या वेचून दिल्या. साड्या दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकल्या आणि ट्रंकेत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे पातळ कापडात बांधून ठेवले, तेही कुलूप लावून.

सगळं एका पिशवीत घट्ट बांधून, वर मोठ्या अक्षरात "विषारी" लिहून घंटागाडीवाल्या ताईंच्या हातात वेगळं दिलं. मोरीत ओतायचं नाही, पुढे ते नाल्यात जातं.

२७ मे

यंदा पावसाने मे महिन्यातच धरलंय. केरळात २४ तारखेला मान्सून आला आणि काल मुंबईत, आपल्याकडे तर त्याच्या आधीपासूनच रोज कोसळतोय. एरवी ह्या दिवसांत कडक ऊन असतं आणि निंबोळ्या आरामात वाळतात, आता पिकलेल्या निंबोळ्या झाडाखाली चिखलात पडतायत. आम्ही शाळेमागच्या मैदानातल्या झाडाखाली जुनी चादर पसरून सकाळी सकाळी गोळा केल्या. आज दोन किलो, परवा अडीच किलो. जमिनीवर काळ्या पडलेल्या घेतल्या नाहीत.

पाण्यात चोळून गर काढला (हात दिवसभर कडू, चिऊला भरवायच्या आधी तीनदा साबण), बिया चाळणीवर निथळून माळ्यावर फॅनखाली पातळ पसरल्या. उन्हात नाही वाळवायच्या, सावलीतच, कारण त्यातलं जे कामाचं द्रव्य आहे, अझाडिरॅक्टिन, ते उन्हाने लवकर मोडतं.

२ जून, मुंग्या

मुंग्यांसाठी आधी काहीही टाकलं नाही, नुसतं बघत बसलो. नवरा म्हणाला किती वेळ बघणार, मी म्हटलं कुठून येतायत ते कळेपर्यंत. खिडकीच्या चौकटीतून, गॅसच्या पाईपच्या भोकातून, आणि तिथून थेट साखरेच्या डब्याच्या बुडाशी. डब्याच्या बाहेर पाकाचा एक ओघळ वाळला होता, तेवढंच.

मुंगी चालताना वासाची रेघ मागे सोडत जाते आणि बाकीच्या त्याच रेघेवर येतात, म्हणून नुसत्या मुंग्या झाडून उपयोग नाही, रेघ पुसायला लागते. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी करून फडक्याने सगळी वाट पुसली, खिडकीपासून डब्यापर्यंत. भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. पंधरा मिनिटं त्या वेड्यासारख्या फिरत राहिल्या, मग गेल्या. गुंड्याला व्हिनेगरचा वास आवडत नाही, तो लांबच राहिला, आणि ओलं सुकल्यावर चाटलं तरी काही नाही. ग्रॅनाईटच्या ओट्यावर चालतंय, पण मार्बल असेल तर व्हिनेगरने पांढरे डाग पडतात, तिथे साबणाच्या पाण्यानेच पुसायचं.

हळदीची रेघ पण मारून बघितली. दोन दिवस टिकली, मग मुंग्या बाजूने गेल्या, आणि चिऊचे हातपाय, गुंड्याची शेपटी, सगळं घर पिवळं. बंद केलं.

९ जून, झुरळं

ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण झुरळांवर मला पाल्यापाचोळ्याचा काही उपयोग दिसला नाही. तमालपत्र कोपऱ्यात ठेवून बघितलं आठ दिवस, झुरळं त्याच्या खालीच बसलेली सापडली.

शेवटी बोरिक पावडर. हे खनिज आहे, झाडपाला नाही, आणि निरुपद्रवी तर अजिबात नाही. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडरच म्हणून लोक अगदी सहज घेतात, पण लहान मुलाने चमचाभर खाल्ली तर धावपळ करायची वेळ येते. स्प्रेसारखी हवेत उडत नाही हा तिचा गुण, जिथे ठेवू तिथेच राहते, म्हणजे प्रश्न फक्त कुठे ठेवायची एवढाच उरतो. कोपऱ्याकोपऱ्यात नुसती भुरभुरायची नाही, गुंड्या त्यातून चालत जाऊन पंजे चाटणार.

केलं असं: दोन चमचे बोरिक, चार चमचे कणीक, एक चमचा साखर, थोडा किसलेला कांदा, दुधात मळून चण्याएवढ्या गोळ्या. बोरिक जास्त घातलं तर झुरळ तोंड लावत नाही, हे आईंनी सांगितलं, त्यांच्या माहेरी दिवाळीच्या आधी करायचे. ह्या गोळ्या उघड्यावर नाही ठेवल्या. औषधांच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्या घेतल्या, झाकण फेविक्विकने पक्कं चिकटवलं, बाजूला पेन्सिलीच्या जाडीचं एक भोक पाडलं, त्यातून झुरळ आत जातं पण पोराचं बोट आणि मांजराचा पंजा जात नाही. एक सिंकखाली चाइल्ड लॉकच्या मागे, एक फ्रीजच्या मागे, दोन गॅसच्या कप्प्यात, सगळ्या दुहेरी टेपने चिकटवलेल्या, प्रत्येकीवर तारीख.

मळायला वापरलेलं भांडं आणि चमचा आता कायमचा वेगळा, लाल दोरा बांधून माळ्यावर. मळलेलं पीठ काही उरू दिलं नाही.

रात्री एवढं पण सुरू केलं की खरकटी भांडी अकराच्या आत घासायची आणि सिंक पुसून कोरडं ठेवायचं. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून त्याला फार दिवस निघत नाहीत. गळणारा नळ २६० रुपयांत दुरुस्त झाला.

१६ जून

माळ्यावरच्या निंबोळ्यांना पावसाळी हवेत बुरशी आली, निम्म्याला नाही पण चांगल्या मूठ दोन मूठ बियांवर हिरवट काळी. धुवून घेऊ का असं एकदा वाटलं. मग सगळ्या बुरशीवाल्या फेकल्या, कारण बुरशीचं स्वतःचं विष असतं, ते मिक्सरमध्ये वाटून चिऊच्या आजूबाजूला फवारायला मी तयार नाही. उरलेल्या कागदावर अजून पातळ पसरल्या आणि रोज दोनदा हलवायच्या. पुढच्या वर्षी मेच्या सुरुवातीलाच थोड्या मिळतायत का बघायचं.

२२ जून

टॉर्च मारून मोजणी: ९. डबीतल्या गोळ्या कुरतडलेल्या दिसतायत. मेलेली झुरळं रोज सकाळी चिऊ उठायच्या आधी झाडून काढतो, गुंड्याला खेळायला मिळू नयेत म्हणून.

ह्या तपकिरी झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत पोटाला लावून फिरते आणि एका पिशवीत तीस चाळीस पिल्लं असतात. म्हणून पहिल्या आठवड्यात झुरळं कमी झाली म्हणून डब्या काढायच्या नाहीत, नवीन पिल्लं निघून त्यांनी खाईपर्यंत किमान दोन अडीच महिने चालू ठेवायचं. गोळी दर पंधरा दिवसांनी बदलायची, वाळून दगड झाली की त्यांना आवडत नाही.

२४ जून, साबणाचं पाणी, फसलेलं आणि जमलेलं

जास्वंदीवर कापूस चिकटवल्यासारखे पिठ्या ढेकूण. भांड्यांचं लिक्विड अंदाजाने दोन तीन चमचे एका लिटरला घालून दुपारी बाराला फवारलं आणि दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्या. किडे पण तसेच. दोन्ही चुका माझ्याच, एक म्हणजे माप नाही आणि दुसरी म्हणजे ऊन.

मग नीट समजून घेतलं. खरा साबण म्हणजे तेलाचा आणि क्षाराचा साबण, तो किड्याच्या अंगावरचं मेणाचं पातळ आवरण मोडतो आणि किडा आतून सुकून मरतो. तो ओला असेपर्यंतच आणि थेट अंगावर पडला तरच मारतो, वाळल्यावर काही शिल्लक राहत नाही, आणि मला तर हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. डिटर्जंटमध्ये बाकी बरंच काही असतं, त्याने पान जळतं.

आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण फुटून दह्यासारखा साका होतो आणि तो साका निरुपयोगी. बाहेर एवढा पाऊस पडतोय, म्हटलं पत्र्याखाली बादली लावू. पावसाच्या एक लिटर पाण्यात साधा, बिनवासाचा साबण किसून ५ ग्रॅम, कोमट करून विरघळवला, गार झाल्यावर गाळला. आधी जुन्या टूथब्रशने पिठ्या ढेकूण घासून काढले, मग संध्याकाळी पाच नंतर पानांच्या खालच्या बाजूने फवारलं, वीस मिनिटांनी साध्या पाण्याने झाड धुतलं. तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. तिसऱ्या वेळी फांद्या स्वच्छ. मिरचीवरच्या माव्याला तर एकदाच पुरलं.

जास्वंदीच्या बुंध्याला मुंग्या चढत होत्या, त्या माव्याला आणि पिठ्या ढेकणांना राखतात, त्यांचा गोड चिकटा खातात म्हणून. बुंध्याला चिकटपट्टी उलटी गुंडाळली. मुंग्या थांबल्या तसा मावा परत यायचा पण थांबला.

६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी तासगावचे मामा आले, पंढरपूरला जाऊन परत येताना. मामांची द्राक्षबाग आहे आणि गेली काही वर्षं ते स्वतः दशपर्णी अर्क करून वापरतात. माझं हे सगळं ऐकून त्यांनी आनंदाने पाच लिटरचा कॅन आणलेला. "पोरी, हे घे, ह्याच्यापुढं कुठलाच किडा टिकत नाही."

मला मामांना नाही म्हणायचं जड गेलं, पण नाही म्हटलं. साबुदाण्याची खिचडी खाता खाता त्यांना विचारलं, मामा ह्यात काय काय आहे? त्यांनी बोटांवर मोजलं, कडुनिंब, निर्गुंडी, करंज, सीताफळ, एरंड, पपई, गुळवेल, रुई, घाणेरी, आणि कण्हेर. शेण, गोमूत्र घालून महिनाभर सडवलेलं.

म्हटलं, मामा, कण्हेराचं एक पान चावलं तरी लहान पोराच्या हृदयाचे ठोके बिघडतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं तुम्हालाच माहिती. सीताफळाच्या बियांची पूड डोक्यातल्या उवांना लावताना डोळ्यात जाऊन डोळ्यांना इजा झालीय लोकांच्या. बागेत तुम्ही मास्क लावून, गडी माणसं बाजूला करून फवारता. इथे कुंडीतल्या मिरचीला ते मारलं की संध्याकाळी चिऊ तीच मिरची ओरबाडून तोंडात घालणार.

मामा जरा गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हीबी कण्हेर घालताना हात झाकून घेतो की. खरं आहे तुझं." आणि कॅन गाडीत परत ठेवला. मला त्यांचं फार बरं वाटलं.

मामांनीच मग तंबाखूच्या पाण्याचं सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या वेळी करायचे. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटिन, ते कातडीतून सरळ आत जातं, आणि त्यात मिरची टोमॅटोला तंबाखूचा व्हायरस पण लागू शकतो. घरात अजिबात नाही. तंबाखूचं पाणी पण नैसर्गिक आणि कण्हेर पण नैसर्गिक.

लसूण मिरचीचा अर्क पण ह्या वर्षी यादीतून काढला. लसूण मांजराच्या आणि कुत्र्याच्या रक्ताला वाईट, तांबड्या पेशी फुटतात, आणि मिरची हवेत उडून आईंना खोकला येतो. परसात मोठं शेत असतं तर वेगळं.

२० जुलै, डास

गल्लीत दोघांना डेंग्यू झालाय. आज सगळं सोडून फक्त पाणी शोधलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं रिकामं. सापडलं ते असं: फ्रीजच्या मागचा ट्रे (मी आयुष्यात कधी बघितला नव्हता, त्यात अळ्या), कुंड्यांच्या खालच्या बशा, पत्र्याच्या पन्हाळीत अडकलेला पाला, आईंच्या मनी प्लँटची बाटली, आणि माझीच ती साबणासाठी ठेवलेली पावसाच्या पाण्याची बादली. बादलीवर आता जुन्या ओढणीचं कापड ताणून बांधलंय.

नुसतं पाणी ओतून चालत नाही, ह्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनसुद्धा महिनोन्महिने जिवंत असतात, परत पाणी भरलं की अळ्या. म्हणून आतून काथ्याने घासायचं. रविवार कोरडा दिवस. मागच्या हौदात गप्पी मासे सोडले, आरोग्य केंद्रात फुकट मिळाले.

कॉईल बंद केली त्याच्या बदल्यात कडुनिंबाच्या तेलात कापूर घालून दिवा लावायचा असं बऱ्याच जणी करतात, मी पण दोन रात्री केला. डास कमी झाले का ते कळलं नाही, आईंना दम लागला हे मात्र कळलं. धूर तो धूरच. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक धुलीकण निघतात असं मोजलं होतं, आणि कडुनिंबाचं तेल जाळलं म्हणून फुप्फुसाला ते वेगळे लागत नाहीत. कापराची वडी पण चिऊच्या हाती लागायला नको, पोटात गेली तर लहान मुलांना झटके येतात. खिडक्यांना जाळी बसवली, चिऊच्या पलंगाला मच्छरदाणी. हा डास दिवसा चावतो म्हणून दुपारच्या झोपेला पण मच्छरदाणी. सगळ्या प्रयोगांत हा खर्च सगळ्यात मोठा झाला आणि सगळ्यात कामाचा.

३ ऑगस्ट, निंबोळी अर्क, पहिली खेप

साडेचार किलो निंबोळ्यांतून वाया गेलेल्या सोडून साधारण ९०० ग्रॅम वाळलेलं बी हातात आलं. शेतात ५ टक्के अर्क करतात, म्हणजे ५ किलो पावडर १०० लिटरला, तेच माप घरासाठी ५० ग्रॅम एका लिटरला.

काल संध्याकाळी बी खलबत्त्यात फोडून मग जुन्या मिक्सरमध्ये भरड केली. फार बारीक केली तर तेल सुटून लगदा होतो. १०० ग्रॅम भरड सुती कापडात सैल पुरचुंडी बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर. आज दुपारी पुरचुंडी पिळून पिळून पाणी दुधाळ पांढरं होईपर्यंत काढलं, दोन लिटर केलं, वरून ४ ग्रॅम साबण, म्हणजे पानाला चिकटतं. परत दुहेरी कापडातून गाळलं, नाहीतर स्प्रेचं नोझल दर मिनिटाला बुजतं. साडेपाचला वांगी, मिरची, शेवगा, पानांच्या दोन्ही बाजूंनी.

तेवढ्या वेळात गुंड्या आत खोलीत बंद, आणि पानं पूर्ण सुकेपर्यंत म्हणजे जवळजवळ दोन तास. कडुनिंब माणसाला ओळखीचा म्हणून गाफील राहायचं नाही, लहान बाळांना कडुनिंबाचं तेल पाजल्यावर उलट्या, झटके, लिव्हरला इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांनी नोंदवल्यात, आणि मांजरांना ते तेल चोळलं तर त्रास होऊ शकतो. अर्क त्याच दिवशी संपवला, शिळा ठेवला नाही. उरलेला चोथा वांग्याच्या बुडात.

५ ऑगस्ट

नवरा सकाळी बघून आला, म्हणाला अळ्या जिवंत आहेत, काही झालं नाही. खरंच जिवंत होत्या.

१० ऑगस्ट

पण खात नाहीत! पाच दिवसांपूर्वीची भोकं तेवढीच आहेत, नवीन भोक नाही, अळ्या मलूल होऊन पानाच्या कडेला बसलेल्या आणि दोन तर कात टाकता टाकता अर्ध्यातच मेलेल्या. अझाडिरॅक्टिनचं काम असंच आहे, ते लगेच मारत नाही, किड्याची खायची इच्छा जाते आणि कात टाकायचं जे हार्मोनचं चक्र असतं ते बिघडतं. माणसाला आणि मांजराला काही कात टाकायची नसते, म्हणून तो वार आपल्यावर पडत नाही.

ह्याच्याबद्दल वाचताना एक गोष्ट इतकी आवडली की इथे लिहून ठेवते. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली, सगळं हिरवं फस्त झालं, आणि श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की फक्त कडुनिंबाची झाडं उभी आहेत, टोळ त्यावर बसतात पण खात नाहीत. त्यानंतर १९६२ च्या सुमाराला दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या पाण्याने पिकं टोळांपासून राखून दाखवली. आणि अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं १९६८ मध्ये. पुढे ह्याच कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात पेटंट दिलं गेलं, ते २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही रद्दच राहिलं, कारण हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. आमच्या माळ्यावरच्या परातीत ते वाळत पडलंय ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

वांग्याच्या शेंड्यात शिरलेल्या अळीवर मात्र अर्काचा उपयोग नाही, ती आत बसते. सुकलेला शेंडा खालून कापून, अळीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात. रोज दोन मिनिटांचं काम आहे, चुकवलं की फळ गेलं.

१७ ऑगस्ट

आज एक चूक कळली. मिरचीवर काळे नारिंगी, मगरीच्या पिल्लांसारखे काटेरी किडे दिसायचे, ते मी जूनपासून चिमट्याने काढून मारत होते. ते ढालकिड्याचे म्हणजे लेडीबर्डचे पिल्लू! मावा खाऊन साफ करणारे तेच. वाईट वाटलं. आता मावा दिसला तरी आधी दोन दिवस थांबायचं, ढालकिडे आहेत का बघायचं, असतील तर साबण पण नाही.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, त्या फुलपाखराच्या. चिऊला दाखवल्या. त्या झाडावर काहीही मारायचं नाही असं ठरलंय, कढीपत्ता आपल्याला पुरून उरतो.

१ सप्टेंबर

गणपती, काल गौरी आल्या. घरात पाहुणे, मोदक, पुरणाची ताटं, आणि साहजिकच मुंग्या परत. खिडकीतून नाही, ह्या वेळी देवघराच्या मागच्या भेगेतून. गौरीच्या दिवसांत देवघरात व्हिनेगर कसं मारायचं म्हणून आईंनी लिंबाच्या सालींनी वाट पुसली, तेवढ्यानेही काम झालं. गुंड्या फुलांच्या पसाऱ्यात झोपायला जातो म्हणून साली लगेच उचलल्या, लिंबाच्या सालीतलं तेल मांजरांना चालत नाही.

एक काकू प्रेमाने निलगिरी तेलाची बाटली देऊन गेल्या, फरशी पुसायच्या पाण्यात घाला म्हणून. निलगिरी, टी ट्री, लवंग, सिट्रोनेला, ही सगळी तेलं मांजराला त्याच कारणाने वर्ज्य ज्या कारणाने ते पर्मेथ्रिन, लिव्हरला झेपत नाहीत. बाटली आईंच्या गुडघ्यांसाठी ठेवली, वरच्या फळीवर, लावल्यावर हात धुवायचे आणि गुंड्या मांडीवर घ्यायचा नाही.

१४ सप्टेंबर, धान्य

तांदळात सोंडे. शेजारी बऱ्याच घरी तांदळाला बोरिक लावून ठेवतात, धुतलं की जातं म्हणतात. झुरळांच्या डबीत बंद करून ठेवलेली पावडर मी जेवणाच्या तांदळाला लावणार नाही. धान्यात गॅसच्या गोळ्या ठेवण्याचं तर नावच नको, त्याने बंद खोलीत झोपलेली माणसं दगावलीत.

गहू आम्ही आधीच एरंडेल तेल चोळून भरलाय, क्विंटलला साधारण पाऊण लिटर, त्याला अजून काही झालेलं नाही. तांदळाला एरंडेल चालत नाही, वास राहतो. म्हणून दोन दोन किलोच्या पिशव्या करून चार दिवस फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून पिशवीवरचं पाणी सुकल्यावरच घट्ट डब्यात, वरून वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत. आणि वर्षाचा तांदूळ एकदम न घेता महिन्याचा घ्यायचा. आईंना हे शेवटचं पटलेलं नाही, वर्षाचं भरलं की घर भरलेलं वाटतं म्हणतात. वीस किलो त्यांच्यासाठी ठेवलाय, त्याला उन्हाचा आणि चाळणीचा जुनाच मार्ग.

५ ऑक्टोबर

गुंड्याच्या कानामागे परत एक गोचीड. आता घाई नाही. बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढून काढला, साबणाच्या पाण्यात टाकला, बोटांनी चिरडला नाही. मग पिसवांसाठीचा बारीक दातांचा कंगवा, दर चार ओढींनंतर साबणाच्या पाण्यात बुडवून. त्याला हे आवडतं, डोळे मिटून बसतो. गाद्या चादरी गरम पाण्यात. डॉक्टरांना विचारून, वजन करून, मांजरासाठीच असलेलं औषध त्यांनी दवाखान्यातच लावलं. अंगावर लावायचं औषध घरी करायचं नाही, ह्या वहीतलं काहीही त्याच्या कातडीवर जाणार नाही.

१२ ऑक्टोबर

टॉर्च मारून मोजणी: सिंकखाली १, तेही मोठं, गटारातलं, मोरीच्या जाळीतून आलेलं. जाळी बदलायची.

निंबोळी पावडर शिल्लक ३०० ग्रॅम, काचेच्या बरणीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, तारीख घातलेली. मामांचा फोन आला होता, त्यांच्या बांधावरच्या दोन कडुनिंबांच्या निंबोळ्या पुढच्या वर्षी वाळवून देतो म्हणाले, त्यांच्याकडे मोठी शेड आहे.

सिंकखालची डबी उद्या बदलायची. कढीपत्त्यावर एक कोष लटकतोय, चिऊ रोज सकाळी जाऊन बघते.